भट्टीत लटकलेला गोपाळ

भट्टी रोज झाडली तरी दुसऱ्या दिवशी राख असतेच. किश्श्यांचंही तसंच. एक सांगून मोकळं व्हावं, तर त्याच्या बुडाखालून दुसरा निघतो. परभणीला वसंतरावांच्या शेडात मी भट्टी सांभाळायचो, तिथले तर विचारूच नका! घाई नसंल तर बसा, थोडे सांगतो.

वसंतराव वालूरचे. मेटलर्जी शिकून आले, अन् नोकरी करायची सोडून घरच्या पत्र्याच्या शेडात विजेची जुनी भट्टी मांडून बसले. पुण्याच्या एका कारखान्याला बोटाएवढे तुकडे हवे होते. लालभडक आचेत वजन पेलून न लांबणारे. थोरले भाऊ दादाराव जिनिंगवाले. त्यांनी बजावलं, "वसंता, कापसाच्या हंगामापर्यंत तुझा तुकडा टिकला तर ठीक. न्हाईतर ह्या शेडात माझी सरकी पडंल!"

वसंतराव एवढंच म्हणाले, "टिकंल, दादा."

* * *

त्या धातूचं नाव कोबाल्ट. माझ्या तोंडात काही बसेना. कोबाळ, गोबाळ करत मी गोपाळवर येऊन थांबलो. वसंतरावांनी आधी दुरुस्त करून पाहिलं. मग एक दिवस तेच पुण्याला फोनवर ओरडायले, "साहेब, हितं गोपाळ कमी पडायलाय, पाठवून द्या!"

पलीकडून विचारणा झाली, "कितवी शिकलेला पाहिजे?"

* * *

टेस्ट आमची साधी. तुकडा वरून भट्टीत टांगायचा, त्याला त्याच धातूची जाड दांडी जोडून भट्टीच्या बुडातल्या भोकातून खाली काढायची, तिला बाहेर साखळी, साखळीला वजन, अन् बघत बसायचं. पहिला गोपाळ चहा येईपर्यंत शेवईसारखा लांबला.

वसंतरावांनी समजावलं, "आत कार्बनचे बारीक खडे पाहिजेत. आचेत धातूचे कण एकमेकांवरून सरकायला लागले, की खडा आडवा येतो."

गफूरचाचा आमचे साचेवाले. त्यांनी कपाळावर हात मारला, "या अल्ला! भातात एक खडा निघाला तर मी घर डोक्यावर घेतो. अन् हितं साहेब मुद्दाम खडे घालायलेत!"

* * *

पण खडे नुसते घालून भागत नाही. ओतलेला तुकडा बेताच्या आचेत ठेवावा लागतो, मग ते आतल्या आत पिकतात. आंब्यासारखं. म्हणून आमी त्याला अढी घालणं म्हणायचो.

एकदा वसंतराव म्हणाले, अजून थोडं राहू द्या. राहू दिलं. बाहेर काढला तर चिमट्यातून निसटून फरशीवर पडला, अन् खडूसारखा मोडला!

चाचांनी थंड झालेला तुकडा उचलला, नाकाशी नेला अन् म्हणाले, "नासला."

वसंतराव हसले नाहीत. बाह्या वर सारल्या. "परत ओता."

"किती बार ओतायचं, साहेब?"

"पिकंपर्यंत!"

* * *

नामांतराचे दिवस होते. गावात बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पण भट्टीत तुकडा टांगलेला, तो सोडून जायचं कसं? आमी तिघंही आत. मी वर भट्टीशी, चाचा खाली वजनापाशी.

चाचा ओरडले, "मारोती, गोपाळनं मान टाकली का?"

"न्हाई टाकली. लय चिवट हाय!"

"मग आच वाढव! अन् वजन बी बांधतो आणखी!"

धाडकन दार उघडलं. जमादार लाठी घेऊन आत! "गोपाळ कुठाय? सोडा त्याला आधी!"

चाचांनी भट्टीच्या फटीतून लाल कांडी दाखवली. जमादार बराच वेळ बघत राहिले. मग टोपी काढून घाम पुसला. "अरे, लोखंडाला गोपाळ कोण म्हणतं?"

चाचा म्हणाले, "ह्याचं नामांतर आमी कवाच केलं, साहेब. एक दगड बी न्हाई पडला!"

जमादारांनी टोपी परत घातली. म्हणाले, "बाहेर कुणाला सांगू नका," आणि पाणी पिऊन गेले.

* * *

हंगाम आला. दादाराव आले ते सरकीच्या पोत्यांची गाडी घेऊनच. हमालांनी निम्मी पोती दारात उतरवलीसुद्धा. आत नवा गोपाळ अढीतून काढून टांगायला ठेवलेला.

दादाराव म्हणाले, "तुमच्या साखळीवर माझा भरोसा न्हाई. जिनिंगमधली कडी आणलीय, चांगली अंगठ्याएवढी जाड. अन् वजन बी माझंच!"

आमची साखळी बाहेर, आचेपासून लांब असायची. दादारावांनी दांडी काढून आपली कडी थेट गोपाळच्या बुडाशी अडकवली, ऐन आचेच्या जागी. वसंतराव बोलायला गेले, "दादा, तिथं..."

"गप बस. न्याव म्हंजे न्याव."

वसंतरावांनी मला खूण केली. मी आच दिली. दादाराव भट्टीसमोर पोतं टाकून बसले. चहा झाला, पान झालं. वजन हलेना. त्यांनी दुसरं वजन आणवलं, तेही लावलं. पुन्हा पान.

मग धप्पदिशी आवाज झाला! दोन्ही वजनं खाली!

दादाराव उठलेच. "तुटला! तुटला! आणा रे पोती आत!"

मी भट्टी बंद केली. चाचांनी चिमट्यानं गोपाळ बाहेर काढून फरशीवर ठेवला. सरळ, होता तसाच. त्याच्या बुडाला कडीचा लांबलेला, तुटका आकडा लोंबत होता.

दादारावांनी वाकून आधी आपली कडी बघितली, मग धाकट्या भावाकडं बघितलं. मग वळून हमालांवर ओरडले, "उचला रे ती पोती! भट्टीच्या दारात सरकी कोण ठेवतं का?"