भोपाळात मी म्हातारी केलेली माणसं

चहा निवला तरी चालेल, पण हे आधी ऐका. मी एकदा भोपाळातल्या धडधाकट, काळ्याभोर केसांच्या माणसांना एका दुपारी म्हातारं करून घरी बसवलं होतं. शाप देऊन नाही हो, सरकारी हुकमानं. आणि वर सगळ्यांना ठणकावून सांगत होते की यंत्र चुकत नाही.

गोष्ट सत्तावन्न सालची. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला आली, आणि आम्ही नागपूरचे कारकून ट्रंका-पातेली घेऊन तिच्या मागोमाग आलो. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. गणितात बी.एस्सी. झालेली, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होतीच. त्यात मला मिळाली कार्डांवर भोकं पाडायच्या यंत्रांची खोली. एका माणसाचं एक कार्ड. त्याचं वय, हुद्दा, नोकरीची वर्षं, सगळं भोकांत. कार्डांचा गठ्ठा यंत्रात घातला की ते खडखड करत माणसं वेगवेगळ्या खान्यांत टाकायचं. ती खोली म्हणजे पूर्वीचा तबेला. दुपारी तापलं की भिंतींना अजून घोड्यांचा वास यायचा. कचेरीत माझं नावच पडलं होतं, भोकवाली बाई.

काम साधं होतं. नागपूरकडचे, ग्वाल्हेरकडचे, रीवाकडचे आणि इथले भोपाळचे असे सगळे नोकर आता एका राज्याचे झाले होते. त्यांतून पंचावन्न वर्षं पूर्ण झालेले निवडायचे आणि त्यांची यादी साहेबांना द्यायची. यादीतल्यांना निवृत्तीचा हुकूम जाणार.

आता माझी हुशारी बघा. कार्डावर जागा कमी. मी म्हटलं, जन्मसालाचे चार आकडे कशाला हवेत? पहिले दोन तर सगळ्यांचे सारखेच, एकोणीस. शेवटचे दोन पाडा की झालं. आणि सत्तावन्नच्या पुढचा आकडा आला तर? तर तो माणूस गेल्या शतकातला, म्हणजे नक्कीच म्हातारा. किती सोपं! मी टेबलांवर पट्ट्या वाटल्या आणि सांगितलं, सालाचे पहिले दोन आकडे पट्टीखाली झाका, तिकडे बघूच नका.

हाताखाली तिघी होत्या. त्यांत रझिया आपा सगळ्यांत वडील. चाळिशी ओलांडलेल्या, नवरा गेल्यावर नोकरीला लागलेल्या, इथल्याच. नोकरी अजून कच्ची होती, पण नजर पक्की. दुसऱ्याच दिवशी त्या एक फॉर्म घेऊन माझ्यापाशी आल्या. कुठे सन लिहिलंय, कुठे संवत लिहिलंय, हे दोन्ही एकच का, असं त्यांनी विचारलं.

मी काय म्हणावं? ऐका आणि हसा.

"आपा, यंत्राला प्रश्न पडत नाहीत. तुम्हाला का पडतात?"

त्या आपल्या टेबलाशी परतल्या. जाऊन पट्टी ठेवली आणि भोकं पाडत राहिल्या.

यादी निघाली ती माझ्या अंदाजापेक्षा लांबलचक. मला शंका यायला हवी होती. आली नाही. उलट मनात म्हटलं, या जुन्या संस्थानांत म्हाताऱ्यांना कसं चिकटवून ठेवलं होतं पाहा! यादी साहेबांकडे गेली, सही झाली, हुकूम सुटले.

आठवड्याभरात दारात एक तरुण येऊन उभा राहिला. एका हातात हुकूम, दुसऱ्या हातावर दुपट्यात गुंडाळलेली तान्ही मुलगी. नाव तिवारी, नकाशे काढायच्या कामावर, मूळचा ग्वाल्हेरकडचा. आवाज चढवला नाही त्यानं. शांतपणे म्हणाला, "बहनजी, सरकार म्हणतं मी सतहत्तर वर्षांचा. ही माझी मुलगी, सव्वा महिन्याची. आता माझ्या माँला तुम्हीच समजवा, ती माझ्यापेक्षा पच्चीस साल छोटी निघाली."

बाकीच्या दोघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला मात्र राग आला. कुणावर? त्याच्यावर! मी त्याचं कार्ड काढलं, उजेडाला धरलं आणि भोकं दाखवून सांगितलं की हे बघा, ऐंशी. अठराशे ऐंशी. तो म्हणाला, कार्डाकडे नको, जरा माझ्याकडे बघा. मी पुन्हा कार्डाकडेच बघितलं. समोर चौतीस वर्षांचा माणूस लेक घेऊन उभा आहे, आणि मी कार्डाला विचारतेय की हा खरा का खोटा! आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

रझिया आपा उठल्या, कपाटातून त्याचा मूळ फॉर्म काढला आणि पट्टीबिट्टी न लावता माझ्यापुढे ठेवला. जन्मसाल १९८०, पुढे बारीक अक्षरात 'संवत'. म्हणजे सत्तावन्न वजा केले की एकोणीसशे तेवीस. त्याच्याकडच्या कचेऱ्यांतून संवतच चालायचा. तिकडून आलेला जो फॉर्म उघडावा त्यावर तेच. साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद. पंचविशीतली पोरंसुद्धा मी अडुसष्ट वर्षांची करून ठेवली होती.

मी साहेबांकडे धावले. साहेब जबलपूरचे, बोलायला फार गोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की यादीवर सही झालीय, आता ती मागे घेतली तर नव्या राज्याचं हसं होईल. ज्याची तक्रार असेल त्यानं अर्ज करावा, सरकारी डॉक्टरकडून दात तपासून घ्यावेत आणि आपलं वय सिद्ध करावं. आणि फारच बोभाटा झाला तर भोकं पाडताना चूक झाली असं लिहू. त्या रझियाची नोकरी कच्चीच आहे नाहीतरी.

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला समजायला एक क्षण लागला. मग माझा नागपुरी पारा चढला.

"साहेब, आपांनी मला विचारलं होतं. मी त्यांना गप्प केलं. चूक माझी आहे, आणि ती निस्तरायला त्या लोकांनी दात दाखवायचे? मुळीच नाही. दाखवायचे तर मी दाखवीन."

साहेब म्हणाले, बसा, पाणी प्या. मी बसले नाही. मग त्यांनी आठवण करून दिली की मीही काही फार जुनी नोकर नाही. मी म्हटलं, ठीक आहे, काढा. पण आपांचं नाव कुठल्याही कागदावर आलं, तर मी त्याखाली खरं काय ते लिहीन आणि तो कागद सगळ्या कचेऱ्यांत वाटीन.

परत आले ती कागद घेऊनच बसले. 'निवृत्तीची यादी चुकीची आहे. चूक यंत्राची नाही, भोकं पाडणाऱ्यांची नाही. पहिले दोन आकडे झाकायला मी सांगितलं. संवत लिहिलेल्या कुणीही काम सोडू नये, वयाचा पुरावा देऊ नये. पुरावा आम्ही शोधू.' खाली माझं पूर्ण नाव, सुमन घाटे, ठळक अक्षरात. खळ लावून कागद तबेल्याच्या दारावर चिकटवला. साहेबांनी शिपायाला तो काढायला पाठवलं, तर तिवारी दाराला पाठ लावून उभा. म्हणाला, सतहत्तर साल के बुजुर्ग को धक्का दोगे? शिपाई परत गेला. दुपारपर्यंत असे आणखी बुजुर्ग जमले, सगळे मिशांना ताव देणारे. त्यांना घरी बसवायची हिंमत मग कुणाची झाली नाही. तिसऱ्या दिवशी यादी मागे घेतली गेली. माझ्या नोकरीच्या पुस्तकात लाल शाईनं ठपका आला. मी म्हटलं, येऊ दे.

मग बसलो सगळे फॉर्म पुन्हा तपासायला. आता एकही पट्टी नाही. आपा फॉर्म वाचणार, मी कार्ड बघणार. नागपूरकडचा गठ्ठा आला तेव्हा मी म्हटलं, हा राहू द्या आपा, आम्ही नागपूरवाले सालाबिलाच्या बाबतीत अगदी चोख. आपा म्हणाल्या, बघून घेऊ. आणि वाचता वाचता थांबल्या. फॉर्म माझाच होता.

घाईच्या दिवसांत तो मी बाबांकडे भरायला दिला होता, आणि बाबांनी माझी जन्मपत्रिका समोर ठेवून सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, शके १८५३, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकतीस. माझं कार्ड काढलं. त्रेपन्न! यंत्राच्या हिशेबानं जन्म एकोणीसशे त्रेपन्नचा. वय वर्षं चार.

मी हळूच म्हटलं, आपा, हे आपल्या दोघींतच राहू द्या.

आपांनी दौत माझ्यापुढे सरकवली आणि दाराकडे बोट दाखवलं. "लिख दीजिए बहनजी. चार साल की बच्ची को सब माफ कर देंगे."