लगाम मानेवर टाकून

माझी बदली कुसगावच्या माळावरच्या कँपात झाली तेव्हा घरच्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. आमचं गाव औंढे, म्हणजे जवळच. दुसरं महायुद्ध अजून लागलं नव्हतं. आमचा रिसाला घोड्यांवरच होता, पण आता मोटारी येणार आणि घोडे जाणार ही कुजबुज लंगरात रोज चालायची. मी तेव्हा लान्स दफादार होतो.

कँपाचं काम एकच होतं, नवे घोडे शिकवून तयार करायचे. ऑस्ट्रेलियाचे वेलर जातीचे घोडे बोटीनं मुंबईला यायचे आणि तिथून रेल्वेनं घाट चढून लोणावळ्याला उतरायचे. बोटीत इतके दिवस उभे राहिलेले असत की पहिले दोन दिवस जमिनीवर पाय टाकायलाही बिचकत. पहाटे पाणी, मग खरारा, मग तोबऱ्यातून चंदीचा दाणा, मग परेड. दुपारी खोगीर, लगाम, रिकिबींची साफसफाई. संध्याकाळी पुन्हा पाणी, पुन्हा खरारा. घोड्यांच्या रिसाल्यात माणसाचं जेवण घोड्याच्या नंतर. यात कधी बदल झाला नाही.

एका सकाळी परेडनंतर कॅप्टन हॉलिस यांनी आम्हाला थांबवून घेतलं. उंच, कमी बोलणारा माणूस. हिंदुस्थानी बरं बोलायचे. हिवाळ्यात पुण्याला घोड्यांचे खेळ होणार होते.

"भाल्यानं जमिनीतली मेख सगळेच उचलतात," ते म्हणाले. "मला दौडत्या घोड्यावरून तीर मारलेला पाहायचा आहे. पूर्वी या देशात मारत होते. कसे मारत होते, मला माहीत नाही. इथं कोणाला माहीत आहे?"

एकही हात वर झाला नाही.

"मग शोधून काढू. कोण येतो?"

मारवाडचा सवार भैरूसिंग एक पाऊल पुढे आला. बावीस-तेवीस वर्षांचा, सडपातळ, मिशा नुकत्या पिळायला लागलेला. साहेबांनी विचारलं, "येतं का तुला?" तो म्हणाला, "नहीं साब. देखना है, आता है कि नहीं."

घोडा निवडायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडे सगुणा नावाची कुमेत, तांबूस अंगाची घोडी होती. नाव मीच ठेवलेलं. अंगानं उत्तम, पण तोंडाची फार हट्टी. लगाम जरा आवळला की मान झटकायची. दोन सवारांना तिनं पाडलं होतं. मी विचार केला, धनुष्याला दोन्ही हात लागतात, म्हणजे लगाम सोडावाच लागणार. लगाम सोडल्यावर ही कशी वागते ते तर पाहू. रिंगणात नेलं, लगामाला गाठ मारून मानेवर टाकला, आणि फक्त गुडघ्यांनी चालवून पाहिलं. घोडी शांत झाली. उजवा गुडघा दाबला की डावीकडे, डावा दाबला की उजवीकडे. आठवड्यात ती माझ्या वजनाच्या कलण्यावरही वळायला लागली. तिचं भांडण माणसाशी नव्हतं, तोंडातल्या लोखंडाशी होतं.

धनुष्य आम्ही डोंगराखालच्या कातकरवाडीतून आणलं. लखू नावाचा शिकारी होता, चाळिशीचा. त्यानं भरीव बांबूची दोन धनुष्यं करून दिली आणि पायी उभं राहून मारायला शिकवलं. घोड्याचं ऐकल्यावर तो हसला.

"घोड्यावरनं कशापायी? टापा ऐकून ससा थांबंल व्हय?"

"ससा नाही मारायचा लखू. पोतं मारायचंय."

"पोत्याला कशाला बाण? ते कुटं पळतंय?"

पण रोज सकाळी रिंगणाच्या कडेला येऊन बसायचा. त्यालाही पाहायचं होतं.

पहिली अडचण घोडीची. दोरी सुटल्याचा टणत्कार झाला की सगुणा चार पाय उचलायची. म्हणून तिच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधायचा आणि ती खात असताना भैरूसिंगनं लांबून रिकामी दोरी ओढून सोडायची. रोज दोन पावलं जवळ. पुढे पुढे दोरी वाजली की ती कान टवकारून तोबरा शोधायची. मग धनुष्य मानेवरून, पाठीवरून फिरवलं. ते झालं. तरी पहिला खरा बाण सोडला आणि घोडी उधळली ती थेट पागेपर्यंत.

आम्ही तिघं विचार करत बसलो. आवाजाला ती सरावली होती, मग भ्याली कशाला? लखू म्हणाला, "मागनं कायतरी तिच्या डोळ्याम्होरनं गेलं ना." तेव्हा भैरूसिंगनं मला जमिनीवर उभं केलं आणि माझ्या कानामागून पुढे काठ्या फेकायला सुरुवात केली. मी दर वेळी दचकलो. घोडीचं काही चुकत नव्हतं. मग मी तिला धरून उभा राहिलो आणि तो मागून तिच्या दोन्ही बाजूंनी गवताच्या पेंढ्या पुढे फेकत राहिला. आधी हळू, मग जोरात. दिवाळीपर्यंत तिला त्याचं काही वाटेनासं झालं.

दुसरी अडचण आमची. दौडीत बाण धनुष्यावर टिकेना. लखूच्या पद्धतीनं बाण डाव्या बाजूला ठेवायचा आणि बोटांनी ओढायचा. पायी छान जमे. घोड्यावर पहिल्याच हिसक्याला बाण खाली. कॅप्टनसाहेबांनीही प्रयत्न केला. त्यांचे तर सगळेच बाण गवतात गेले. ते स्वतः वाकून वेचत होते.

भैरूसिंग रजेवर गेला आणि येताना एक दगडी अंगठी घेऊन आला. हिरवट, जाड, एका बाजूला जिभेसारखी पुढे आलेली. त्याच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या होती. कोणाच्याही बोटात नीट बसायची नाही, म्हणून दागिना म्हणून कोणी वापरली नाही. त्यानं ती अंगठ्यात घातली. बसली. मग अंगठ्यानं दोरी ओढून पाहिली आणि बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला ठेवला. हाताला आपोआप जो पीळ बसला त्यानं बाण धनुष्याला दाबून धरला. त्यानं धनुष्य वाकडं केलं, हलवलं, आडवं धरलं. बाण पडला नाही.

त्यानं अंगठी काढून उजेडात धरली. मग म्हणाला, "दफादारजी, दादाजी को भी पता नहीं था."

तिसरी गोष्टही त्यानंच शोधली. बाण सोडायचा कधी? तो खोगिराशिवाय, डोळे मिटून सगुणावर दौड मारत बसला. मी मधोमध उभा राहून लांब दोरीनं तिला फिरवत होतो. खाली उतरला आणि म्हणाला की टापा पडून झाल्या की एक क्षण घोडी जमिनीवर नसते. चारी पाय हवेत. त्या क्षणी हिसका नसतो. तेव्हा सोडायचा.

पुण्याच्या खेळांत त्यानं तीनपैकी दोन पोती फोडली. टाळ्या पडल्या. एका मोठ्या साहेबानं कॅप्टन हॉलिसशी हस्तांदोलन केलं. आम्ही परत आलो, धनुष्यं खोगीरखान्यात टांगली आणि विषय संपला.

आषाढात सलग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. पाच-सहा दिवस डोंगर दिसला नाही. एका सकाळी खरारा चालू असताना माझा चुलतभाऊ तुकाराम कँपाच्या फाटकाशी धावत आला. अंगावर इरलंसुद्धा नव्हतं.

"दादा, भाताच्या आवणीला गेल्याली चार माणसं नदीत अडकल्याती. दगडूभाऊ, अनसूयामावशी आन दोन गडी. जांभळीच्या उंचवट्यावर. पानी चढतंय."

मी कॅप्टनसाहेबांना रिपोर्ट केला. त्यांनी पुण्याला फोन लावला. मी शेजारी उभा होतो, पलीकडचा आवाजही ऐकू येत होता.

"बोट आहे?"

"आहे, सर."

"केव्हा पोचेल?"

"रस्त्यावर पाणी आहे. सांगता येत नाही, सर."

त्यांनी फोन ठेवला. "फॉल इन. सगळे दोर घ्या."

आम्ही पोचलो तेव्हा उंचवटा एका खोलीएवढा उरला होता. जांभळीचं झाड आणि खाली चौघं. अलीकडची सगळी भातखाचरं बुडाली होती, तिथं छातीभर पाणी. त्यापलीकडे नदीचा मूळ प्रवाह, त्यातून ओंडके आणि मेलेली जनावरं वाहत होती. पहिल्यांदा एक चांगला पोहणारा सवार कमरेला दोर बांधून उतरला. प्रवाहानं त्याला खडकावर नेऊन आपटलं. कपाळ फुटलं. आम्ही दोर ओढून त्याला परत घेतलं. कॅप्टनसाहेबांनी दुसऱ्या कोणाला उतरू दिलं नाही.

भैरूसिंग माझ्याजवळ आला. "दफादारजी, तीर के साथ धागा?"

मी अंतर पाहिलं. "काठावरून पोचणार नाही."

"काठ से नहीं. खेत के बांध से."

बुडालेल्या खाचरांच्या शेवटच्या बांधापर्यंत गेलं तर अंतर निम्मं होत होतं. माणूस तिथल्या ओढीत उभा राहू शकत नव्हता. घोडा राहिला असता, जर त्याला राहायचं असतं तर. मी कॅप्टनसाहेबांना सांगितलं.

"घोडी राहील?"

"माहीत नाही, सर."

"ट्राय इट."

सगुणा आणली. खोगीर शिवायचा मेणाचा दोरा, हलका आणि चिवट, मी एका तोबऱ्यात गुंडाळी करून भरला. मी दुसऱ्या घोड्यावर तिच्या वरच्या अंगाला राहणार होतो, म्हणजे पाण्याचा जोर आधी माझ्या घोड्यावर येईल. काठ सोडताना भैरूसिंगनं लगामाला गाठ मारून तिच्या मानेवर टाकला. मी म्हटलं, आत्ता तरी धर. तो म्हणाला, "पकडूंगा तो लडेगी."

बांधाशी पोचलो. पाणी खोगिरापर्यंत. पहिल्या बाणाचा दोरा तोबऱ्याच्या काठाला अडकला आणि बाण जवळच पडला. दुसरा वाऱ्यानं खाली नेला. आम्ही दोरा ओढून घेतला, पुन्हा भरला. पलीकडून दगडूभाऊ काहीतरी ओरडत होते, ऐकू येत नव्हतं.

तिसऱ्या वेळी त्यानं दोरी ओढली आणि पाण्याखालून एक ओंडका येऊन सगुणाच्या पायांवर आदळला. ती बाजूला ढकलली गेली, मान पाण्याखाली जाऊन वर आली. मला वाटलं, गेली दोघं. भैरूसिंगनं धनुष्य खाली केलं. लगामाला हात लावला नाही. गुडघा दाबला आणि तिच्याशी त्याच्या बोलीत काहीतरी बोलला. ती थरथरत एक एक पाय चाचपत पुन्हा बांधावर आली आणि उभी राहिली. त्यानं पुन्हा दोरी ओढली. बराच वेळ धरली. मी तिच्या बरगड्यांकडे पाहत होतो. तिनं श्वास सोडला आणि त्यानं बाण.

बाण जांभळीच्या फांद्यांत अडकला. दगडूभाऊंनी दोरा धरला.

पुढचं सोपं नव्हतं, पण माहितीचं होतं. काठावर आणलेल्या दोऱ्याच्या टोकाला सुतळी, सुतळीला दोर, दोराला मोठा रस्सा. पलीकडे जांभळीला, अलीकडे काठावरच्या आंब्याला. एकेक माणूस रस्सा धरून, कमरेला फास घेऊन आलं. दगडूभाऊ आधी बायकोला, अनसूयामावशींना, पाठवत होते. मागाहून कळलं की अनसूयामावशी म्हणाल्या, "पोरांस्नी आदी जाऊ द्या. त्यांच्या आया वाट बघत्यात." गडी आले, मग मावशी, शेवटी भाऊ. दुपारी उंचवटा पाण्याखाली गेला. संध्याकाळी तिथं नुसता झाडाचा शेंडा होता.

कॅप्टनसाहेब भैरूसिंगला म्हणाले, "वेल डन." मग मला म्हणाले, "घोडे कोरडे करा." आम्ही गवतानं चोळून घोडे कोरडे केले. सगुणाच्या पुढच्या पायाला मोठी जखम होती. भैरूसिंग त्या दिवशी पागेतच जेवला.

पुढे युद्ध लागलं आणि हुकूम आला. रिसाल्याला मोटारी मिळाल्या. घोडे लोणावळ्याला गाडीत चढवले. सगुणाही गेली, कुठं ते आम्हाला सांगितलं नाही, आणि विचारायची पद्धत नव्हती. भैरूसिंग ड्रायव्हर झाला. पहिल्या दिवशी त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढून गुडघा दारावर दाबला आणि म्हणाला, "ये तो सुनती ही नहीं." त्यानंतर तो गाडीबद्दल फारसं बोलला नाही. चालवायचा मात्र चांगली.

समुद्रापलीकडच्या वाळवंटात आमची गाडी सुरुंगावर गेली. सकाळची वेळ होती. मी मागे होतो, तो पुढे. मला पायाला लागलं. त्याला पोटात लागलं. तो अर्धा तास होता. पाणी मागितलं, पोटाच्या जखमेमुळे ते देता आलं नाही. कॅप्टन हॉलिसही त्याच महिन्यात लढाईत गेले.

युद्ध संपल्यावर मी पेन्शनीत निघालो आणि आधी मारवाडला गेलो. भैरूसिंगचे वडील अंगणात खाटेवर बसले होते. डोळ्यांनी अधू झाले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग विचारलं, "घोडे पर था?"

"नहीं. गाडी में था."

त्यांनी मग विचारलं, "पास कौन था?"

"मैं था."

त्यांनी मान हलवली. सरकारकडून त्यांना कागद आला होता, त्यात तारीख होती. त्याच्या नोकरीतलं दुसरं काही त्यांना ठाऊक नव्हतं. भैरूसिंगनं घरी नदीचं काही कळवलंच नव्हतं. मी सांगायला लागलो. माझ्या मोडक्या हिंदुस्थानीत, सगळं, घोडी कशी शिकवली इथपासून. ते मधूनमधून विचारत होते. पाणी कुठवर होतं? घोडीनं मान कुठं वळवली? त्यानं लगाम खरंच धरला नाही? मी म्हटलं, खरंच नाही.

शेवटी मी थांबलो. त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. भैरूसिंगची बायको पदर ओढून दाराशी येऊन उभी राहिली, मागे त्याची बहीण, शेजारच्या दोन बायका. म्हाताऱ्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"शुरू से बोलो," ते म्हणाले. "ये भी सुनेंगे."

मी सुरुवातीपासून सांगितलं.