वहिनींच्या माशांची पहाट

शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा. नववीत शाळा सुटली, शब्दही साधेच येतील. पण मी जी माती खाल्ली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नाशिकला सिडकोत आमचं दोन खोल्यांचं घर. दादाचं लग्न झालं आणि वहिनींनी मनमाडहून माहेरचे गोल्डफिश टाकीसकट आणले. मी मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. व्हिडिओ बघून चिपवर प्रोग्रॅम टाकायला शिकलेलो. वहिनींसमोर तोंडातून शब्द फुटेना, म्हणून म्हटलं, काहीतरी करून दाखवू. टाकीचा दिवा आपोआप लावणारी डबी बनवली. सकाळी सातला हळूहळू उजेड, संध्याकाळी सातला हळूहळू अंधार. वेळ दुकानातल्या कॉम्प्युटरवरून भरली.

पहिल्या सकाळी मुद्दाम उठून बघत बसलो. दिवा लागला सव्वासातला. भिंतीवर सव्वासात, मोबाईलवरही सव्वासात. म्हणजे डबी रात्रीत पंधरा मिनिटं मागे पडली. लगेच प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: रोज पंधरा मिनिटं पुढे सरक. दुसऱ्या दिवशी दिवा बरोबर सातला. मी इतका खूश, की पुन्हा बघितलंच नाही. रात्री दुकानातून यायचो तेव्हा टाकीत अंधारच असायचा.

आठवडा गेला. आई म्हणाली, "अरे, सूनबाईचे मासे संध्याकाळी खात नाहीत. तळाशी बसून असतात. रविवारी तिचे पप्पा येणारेत बघायला."

डबीतून पाण्यात करंट उतरत असेल का? रोज रात्री रबरी चपला घालून, टेस्टर धरून टाकीपाशी उभा. टेस्टर पेटायचा नाही, तरी पुन्हा लावून बघायचो. डोळे मिटले की मासे उलटे तरंगताना दिसायचे, आणि शेजारी वहिनींचे पप्पा. वहिनींना विचारणार कोण?

रविवारी चार वाजता बाहेर कडक ऊन, आणि टाकीत दिवस मावळला.

मी टाकीकडे धावलो. "वहिनी, डबी बिघडली. मासे माझ्यामुळे..."

"बिघडली? रोजच लवकर विझते की. मला वाटलं, तुम्हीच तशी ठेवलीय, भाऊजी. अंधारात ते खातील कसे?" त्यांनी आपला मोबाईल बघितला, मग भिंतीकडे. "पण हे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे का?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"आई?"

"तू उठत नाहीस म्हणून. दोन वर्षं झाली."

"आणि माझा मोबाईल?"

"तो दादानं केला. मला कुठं येतं?"

म्हणजे डबी मागे पडलीच नव्हती. मीच तिला रोज पुढे ढकलत होतो, साचून साचून तीन तास झाले. आणि दुकानाचं घड्याळ मागे आहे, असं मालकांना दोनदा ऐकवलंही होतं.

पप्पा आले तेव्हा दिवा सरळ बटणावर लावला. मासे वर येऊन खायला लागले. पप्पा म्हणाले, "मजेत आहेत." मी तीन ग्लास पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीचं घड्याळ बरोबर केलं, मोबाईल बरोबर केला, आणि ती ओळ काढायला डबी घेऊन दुकानात गेलो.

मालकांनी मान वर केली. "दोन वर्षांत पहिल्यांदा उशीर?"

"घड्याळ बरोबर केलं," मी म्हणालो, "म्हणून."