शेजारणीच्या देखत आम्ही इंटरनेट निवडलं

अन्याय झाला तो आमच्या शेजारणीवर. गेल्या दसऱ्याच्या सुट्टीतल्या रविवारी, सकाळची दुसरी कॉफी चालू असताना, पिरियापट्टणजवळच्या आमच्या सुट्टीच्या घराच्या ओसरीवर, तिला नीट खुर्चीत बसवून. करणारे आम्ही: माझे काका, काकू आणि मी. चळवळीची पत्रकं लिहिताना मी अशीच सुरुवात करते, पण तिथे करणारे कायम दुसरे असतात. एखादी कंपनी, एखादं खातं, कुणी कंत्राटदार. या वेळी ती सोय नाही.

म्हैसूरच्या अग्रहारात काकांचं शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आहे. जन्म शिलाईत गेला, आता थोडी हवा खाऊ, म्हणून त्यांनी हे घर बांधलं. चारी बाजूंना तंबाखूची शेतं, मध्ये मध्ये पानं भाजायच्या उंच भट्ट्या, आणि फोनला रेंज नाही. कधीतरी यायची, गच्चीच्या एका कोपऱ्यात, तीही हात वर केला तर. चुलतभाऊ बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. त्याने सांगून टाकलं, नेट असेल तर शुक्रवारी येऊन सोमवारी जाईन, नसेल तर येणारच नाही. काकांनी घर बांधलं ते मुलासाठीच. त्यामुळे त्या दसऱ्याला घरात दुसरा विषय नव्हता.

पर्याय दोन होते. पहिला सॅटेलाइटचा. छपरावर डिश बसवायची, ती थेट आकाशाशी बोलणार, मध्ये कुणी नाही. मुलाने फोनवर एक अॅप घालून दिलं होतं, त्यात आकाश दाखवलं की कुठली झाडं आड येतात ते लाल रंगात दिसतं. काका सकाळपासून अंगणात फोन वर धरून गोल गोल फिरत होते आणि दर फेरीला सिल्व्हर ओकला शिव्या देत होते. दुसरा पर्याय तिथल्या केबलवाल्याचा. पूर्वी टीव्हीची केबल ओढायचा, आता फायबरची ओढतो. त्याची वायर मुख्य रस्त्यापर्यंत आली होती. आतल्या वस्तीत आणायची तर शेवटचं घर, म्हणजे आमचं, गिऱ्हाईक हवं. एरवी परवडत नाही म्हणाला. आम्ही हो म्हटलं की वाटेतल्या सगळ्या घरांना वायर मिळणार होती.

काका असे फिरत असतानाच शेजारीण आली. पन्नाशीची, स्वतःची तंबाखूची शेती बघणारी बाई, हातात केळ्यांची फणी. तिची मुलगी म्हैसूरच्या एका हॉस्पिटलचं बिलांचं काम करते. ऑफिसने सांगितलं होतं, घरी पक्कं नेट असेल तर घरून करा, नाहीतर येऊन बसा. आणि भट्टीच्या हंगामात घरात दोन माणसं लागतात, आग सोडून जाता येत नाही. मुलगी घरी राहणार की जाणार, हे त्या वायरवर होतं. शेजारणीने हे सगळं कन्नडमध्ये, बसता बसता, सरळ सांगितलं. वर म्हणाली, वायरचे खांब रस्त्याने आणले तर लांब पडतं, माझ्या शेताच्या बांधावरून आणले तर जवळ. बांध मी देते. तुम्ही फक्त कनेक्शन घ्या.

काका कन्नडमध्ये फार गोड बोलतात, दुकानाची सवय. बरं झालं आलात, विचार करतो, कॉफी घ्या. मग माझ्याकडे वळले आणि मराठीत सुरू झाले.

हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालतं. गिऱ्हाईक समोर असताना कापड किती कमी करायचं ते मराठीत. पाहुणे समोर असताना त्यांना जेवायला थांबवायचं की नाही ते मराठीत. म्हैसुरात आमची मराठी म्हणजे आमचं माजघर. दार लावायची गरज नाही, भाषा बदलली की आत गेलो. मला लहानपणी याची मोठी मौज वाटायची.

"सुम्ने कशाला हिच्याशी बांधून घ्यायचं, अल्वा?" काका म्हणाले. सुम्ने म्हणजे उगाच, अल्वा म्हणजे नाही का. "आज खांब तिच्या बांधावर, उद्या म्हणेल तुमच्या बोअरचं पाणी द्या. डिश आपली आपल्या छपरावर. कुणाचं नाव नको."

काकूंचं वेगळंच. वायर आली की ओसरीवरून काढलेल्या प्रत्येक फोटोत वायर येणार. मुलाला फोन लावला, गच्चीवर जाऊन, तर तो म्हणाला डिशच घ्या, खेड्यात वायर कोण दुरुस्त करणार. हेही खाली येऊन काकांनी तिच्यासमोर मराठीत सांगितलं. ती कॉफीच्या लोट्याकडे बघत बसली होती.

मला राग आला. मी चिडले की चांगलं बोलते, सभांतून लोक तसं सांगतात. मी उभी राहिले आणि मराठीतच काकांना सुनावलं. म्हटलं, जरा तिच्या कष्टांकडे बघा. एकटी बाई, शेती बघते, मुलीला शिकवलं. तिला साहाय्य करणं हे आपलं कर्तव्य आहे. आपल्याकडे आहे म्हणून आपण द्यायला हवं, यात उपकार नाहीत, दान नाही. उपकार आणि दान हे शब्द मी नको म्हणण्यासाठीच वापरले, पण वापरले बरेचदा. गरीब म्हणाले. बिचारी म्हणाले. तिच्याकडे बोट केलं, हे मला आठवतं. ती जणू फळ्यावरचं चित्र होती.

काका हसले. "तू सुम्ने बस गे, गप. भाषण सुरू झालं बघ हिचं." मग जरा मऊ पडले, कारण मी त्यांची लाडकी. म्हणाले, आयतु, ठीक आहे, डिश बसली की तिच्या मुलीला पासवर्ड देऊ. आपण नसताना बाहेरच्या कट्ट्यावर बसून करू दे काम. काकूंनी लगेच अट घातली, कट्ट्यावरच हं, आत नाही, आणि तिने गावाला वाटायचा नाही.

मी याला विजय समजले. चळवळीत इतकं मिळालं तरी आम्ही घोषणा देतो. मी शेजारणीकडे वळले आणि कन्नडमध्ये, हसत, ही बातमी दिली. अक्का, काका पासवर्ड द्यायला तयार झाले.

तिने लोटा खाली ठेवला.

"तुमचं मराठी कळतं मला," ती म्हणाली. "निम्मं तर आमचंच आहे."

काकू फणीतली केळी सुटी करायला लागल्या.

"तुझे काका सावध माणूस आहेत, असू दे. व्यवहारात तसं असतं, मीही तशीच आहे." ती काकांकडे बघतही नव्हती, माझ्याकडे बघत होती. "पण नोडम्मा, बघ बाई, मी मागायला आले नव्हते. खांब माझ्या बांधावर उभे राहणार होते. तू मला मागणारी केलंस."

मग ती उठली. काकांना म्हणाली, केबलवाला परवा येतोय, हो की नाही ते त्याला सांगा, म्हणजे मला माझं बघता येईल. आवाज वाढवला नाही. अंगणातून जाताना काकांनी झाडावर टेकवून ठेवलेली शिडी आडवी आली, तीही तिने बाजूला सरकवून नीट उभी केली.

ती दिसेनाशी झाल्यावर काका हळूच म्हणाले, "सगळंच समजलं की काय गे तिला?"

"मग हळू बोलायचं होतं," काकू म्हणाल्या.

हळू. मी काकूंवर ओरडणार होते. पण ओरडायला माझ्याकडे काय होतं? त्या दोघांनी तिला नकार दिला होता. नकार बरोबरीच्या माणसाला देतात. मी तिची बाजू घेतली, आणि बाजू घेताना तिला खाली बसवलं. ती बांध द्यायला आली होती हे मी ऐकलं होतं, माझ्याच कानांनी, कन्नडमध्ये. माझ्या भाषणात ते एकदाही आलं नाही. देणारी बाई माझ्या भाषणात बसत नव्हती.

यानंतर जे झालं ते मला त्याहून लाज आणतं. त्या दिवशी दुपारपर्यंत काका मनातून वायरकडे झुकले होते. स्वतःच म्हणाले, पावसात डिश बंद पडते म्हणतात, आणि वीज गेली की इन्व्हर्टर लवकर संपवते, वायर बरी. म्हणजे तिचं म्हणणं त्यांच्याही सोयीचं होतं, हे त्यांना कळलं होतं. पण हो म्हणायचं तर तिच्या दारात जायला हवं. तिच्या बांधावर खांब घालायचे तर तिच्याशी बोलायला हवं. त्या सकाळनंतर ते तोंड घेऊन कोण जाणार? काका म्हणाले, तू जा. मी म्हटलं, तुम्ही मोठे, तुम्ही जा. काकू म्हणाल्या, दोन दिवस जाऊ देत, तिचा राग निवू दे. तिला राग आलाच नव्हता, पण तो आला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं.

केबलवाला आला तेव्हा घराला कुलूप होतं. आम्ही आदल्या दिवशीच म्हैसूरला निघून आलो होतो, दुकानाचं काम आहे सांगून. दुकान दसऱ्यासाठी बंदच होतं.

मग डिश आली. एका खोक्यात येते, कुणाशी बोलावं लागत नाही, आणि त्यासाठीच आम्ही ती घेतली. वेगाची तुलना, पावसाची चर्चा, ते अॅप, सगळं बाजूला राहिलं. शरम वाटली म्हणून माणूस सुधारतो असं मी पत्रकांतून लिहिलं आहे. आम्ही शरम वाटली म्हणून शेजारीण टाळली, आणि शेजारीण टाळण्यासाठी आकाशातून इंटरनेट आणलं.

चुलतभाऊ एकदाच येऊन गेला. वायर मुख्य रस्त्यावरच थांबली आहे. शेजारणीची मुलगी म्हैसुरात चामराजपुरममध्ये खोली घेऊन राहते, दिवसभर ऑफिसात बसते. मला ती एकदा बसस्टॉपवर दिसली. मी विचारलं, आईकडे भट्टीला कोण असतं? म्हणाली, मावशी येते कधी कधी, नाहीतर अम्मा एकटीच, रात्र रात्र आगीपाशी. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि तिची बस आली.

गेल्या आठवड्यात मी काकांना म्हटलं, डिश काढू नका, पण वायरला हो म्हणा, मी येते तुमच्याबरोबर तिच्या दारापर्यंत. काका कापडाला खुणा करत होते. म्हणाले, आता काय तोंडाने जायचं. मी म्हटलं, याच. त्यांनी पुढचं कापड ओढलं. रविवारी मी एकटी जाणार आहे. तिने दार लावलं तर लावू दे.

आता तुम्ही. म्हैसुरात आपल्यातल्या किती जणांची अशी सुट्टीची घरं आहेत ते मला माहीत आहे, पिरियापट्टणकडे, हुणसूरकडे, नंजनगूडच्या पुढे. तुमच्या छपरावरही डिश असेल, किंवा खोकं वाटेत असेल. ते उघडायच्या आधी शेजारच्या घरी जा. वायर कुठे अडली आहे आणि कुणाच्या होकारासाठी अडली आहे, ते विचारा. त्यांच्या भाषेत विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर आपसात मराठीत बोलू नका. अडलेला होकार तुमचा निघाला, तर तिथेच उभं राहून तो द्या.