निळी न झालेली मुळं

चूक माझी होती, आणि ती कबूल करायला मी शेखसर जाईपर्यंत थांबलो. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या मुलीचा फोन आला, "अब्बा गेले." दुःखाच्याही आधी मनात आलं, आता सांगायचं कुणाला…

वारज्यात आमची लहानशी प्रयोगशाळा होती, मागे हिरव्या जाळीखाली रोपवाटिका. निवृत्तीनंतर सर तिथे मातीतली एक उपयोगी बुरशी सांभाळत. ती मुळांत शिरते, बारीक धागे लांबवर पसरवते आणि मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, झाडाला आणून देते. जिवंत मुळांशिवाय ती जगत नाही, म्हणून सर तिला कुंडीतल्या मक्यावर वाढवत. मी एकदा रजा मागितली तर म्हणाले, "घे की. मक्यालाही विचारतो, त्याला हवी का."

कर्नाटकातल्या एका मळेवाल्यांसाठी आम्ही कॉफीची रोपं लावली. एका ओळीला बुरशी, दुसरीला नाही. ते बघायला यायची वेळ झाली, तरी दोन्ही ओळी खुरट्याच. सर म्हणायचे, "थांब रे. ओळख व्हायला वेळ लागतो." मला धीर नव्हता. सर नसताना मी रोपांना स्फुरदाचं खत घालत राहिलो. एकाच ओळीला घालणं लबाडी वाटली, म्हणून दोन्हींना घातलं. माझा प्रामाणिकपणा एवढाच. रोपं तरारली, सगळी सारखीच. खाणं आयतं मिळाल्यावर त्यांनी बुरशीला आत घेतलंच नाही. मळेवाले दोन्ही ओळींवरून हात फिरवत म्हणाले, "मग फरक काय हो, साहेब?"

ते गेल्यावर सरांनी मुळं रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशी आत असती तर निळे धागे दिसले असते. एकही नव्हता.

"खत घातलंस का रे?"

"नाही, सर."

"मग माझीच बुरशी मेलेली," ते म्हणाले. मक्याच्या कुंड्या त्यांनी स्वतःच्या हातांनी रिकाम्या केल्या. पुन्हा ते आले नाहीत. मीही त्यांच्या घरी गेलो नाही… रोज उद्यावर ढकलत राहिलो.

परवा बिबवेवाडीला भाभींकडे, सरांच्या पत्नींकडे गेलो. चहाचा कप पुढे करत त्या म्हणाल्या, "शेवटी एकच धरून बसले होते. 'इतकी वर्षं मी मेलेलंच काहीतरी जपत बसलो,' म्हणायचे."

मी कप खाली ठेवला. "भाभी, सरांची बुरशी जिवंत होती. खत मी घातलं होतं. त्यांनी विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो. माझं चुकलं."