भिंत धरून उतरणारी पोरगी

यकृताच्या तपासणीचा कागद हातात आला की मला अजूनही चेव येतो. मुर्री गावाच्या रस्त्यावर दवाखाना थाटून इतकी वर्षं झाली, पण रिपोर्टात ठळक छापलेले, प्रमाणाबाहेरचे आकडे दिसले की चहा गार होतो आणि मी कागदात बुडते. समोर माणूस घाबरलेला आणि डॉक्टरीणबाईंना मजा वाटतेय, हे बरं दिसत नाही. म्हणून चेहरा गंभीर ठेवते. तो फार वेळ टिकत नाही.

त्या दिवशी कामठ्याकडचा एक शेतकरी लेकीला घेऊन आला. पोरगी पोलीस भरतीची तयारी करणारी, काटक, उन्हानं रापलेली. थकवा येतो म्हणून बापानं परस्पर रक्त तपासून घेतलं होतं. एसजीओटी आणि एसजीपीटी, यकृताच्या तपासणीतले दोन्ही आकडे वाढलेले निघाले. लॅबवाला "लिव्हर" एवढंच म्हणाला आणि बापाच्या पायाखालची जमीन सरकली. त्याचा धाकटा भाऊ काविळीनं गेला होता.

"घरात हळद बंद केली जी," तो म्हणाला. "सारेच बिनहळदीचं वरण खाऊन राहिलो. तिनं एकटीनं काऊन खावं?"

काविळीत पिवळं खाऊ नये, हा आमच्याकडचा पक्का समज. मी वाद घातला नाही. पोरीचे डोळे पाहिले, पांढरे स्वच्छ. पोट दाबून पाहिलं, लघवीचा रंग विचारला, कुठलं औषध किंवा झाडपाला घेतलास का विचारलं. काहीच नाही. काविळीच्या विषाणूंची तपासणी आणि सोनोग्राफी सांगितली. आठवडाभर आराम करून पुन्हा रक्त दे म्हटलं.

बापानं तिथंच निकाल लावला. "रिपोर्ट साफ आला तं ही मैदानात जाईन. नाही तं भरती गेली चुलीत. भाऊ गेला माहा, पोरगी नाही घालवाची मले."

मैदानी चाचणी तोंडावर आली होती. पोरगी खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत राहिली.

आठवड्यानं दोघं परत आले. विषाणू नाहीत, सोनोग्राफी स्वच्छ, काविळीचं बिलिरुबिन ठीक, यकृताचं जीजीटीही ठीक. आणि एसजीओटी पहिल्यापेक्षा कितीतरी वर चढलेलं! एसजीपीटी त्याच्या मागे कुठंतरी रेंगाळलेलं. बिघडलेलं यकृत सहसा असं वागत नाही.

"आराम केलास ना?"

"हो जी. वावरात गेलीच नाही."

बापानंही मान डोलावली. मी हात टेकले आणि नागपूरच्या तज्ज्ञासाठी चिठ्ठी लिहून दिली. बाप उठला. "चाल," एवढंच म्हणाला. पोरगी रडली नाही, पण तिच्याकडे बघवत नव्हतं.

माझ्या खुर्चीतून दवाखान्याच्या पायऱ्या दिसतात. बाप उतरून गेला. पोरीनं भिंत धरली, अंग आडवं केलं आणि दिवस भरलेल्या बाईसारखी एकेक पाय जपून खाली टेकवू लागली. मी ताडकन उठले. यकृत बिघडलं म्हणून कुणाच्या मांड्या अशा आखडत नाहीत!

"थांब! तिथंच थांब!" मी अनवाणीच धावले. बाकावरचे पेशंट दचकून उभे राहिले. "मांड्या दुखून राहिल्या का?"

तिनं बापाकडं पाहिलं.

"खरं सांग. रक्त द्यायच्या आधी काय केलंस?"

"बैठका," ती पुटपुटली. "लय बैठका मारल्या. अन् मैदानाच्या चकरा. मी चांगली हाय हे रिपोर्टात दिसाले पायजे म्हनून."

"अगं, आराम सांगितला होता!"

"वावरात नाही गेली न जी! पळनं म्हंजे काय काम हाय का?"

मी चक्क टाळी वाजवली. बापाला पायरीवरच बसवलं आणि समजावलं. हे एसजीओटी नावाचं द्रव्य यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं. व्यायाम अती झाला की ते स्नायूंतून रक्तात येतं आणि बदनाम होतं बिचारं यकृत. पहिला रिपोर्ट भरतीच्या सरावानं बिघडला होता, आणि तो सुधारावा म्हणून मारलेल्या बैठकांनीच दुसरा बिघडवला होता! लगेच स्नायूंची, सीपीकेची तपासणी करवली. आकडा एवढा मोठा आला की लॅबवाल्यानं घाबरून फोन केला. मी मात्र खुशीत होते, दोष स्नायूंचाच निघाला होता.

बाप हसला नाही. "तुमी म्हनता ते खरं असन. पन मले साफ रिपोर्ट पायजे."

बरोबर होतं त्याचं. अंदाज माझा होता, पोरगी त्याची होती.

मग खरा आराम सुरू झाला. पळणं नाही, बैठका नाहीत, भरपूर पाणी प्यायचं. मैदान जवळ येत होतं आणि ती घरात बसून होती. तिच्यापेक्षा मलाच धीर धरवत नव्हता. लॅबवाला माझा फोन उचलेनासा झाला.

शेवटी, मैदानाच्या आधीच, कागद आला. मी उभ्यानंच वाचला. एकही आकडा ठळक नव्हता.

"साफ!" मी ओरडले.

पोरगी बाहेर धावली आणि सगळ्या पायऱ्या एका उडीत पार करून रस्त्यावर पोचली. बाप कागद घेऊन बसून राहिला. घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. दारापर्यंत गेला आणि वळला.

"मॅडम, मंग आज वरनात हळद टाकाची का जी?"

"टाका भाऊ," मी म्हणाले. "चांगली जास्त टाका."