भांगापाशी लावलेले केस

आमची आत्या कॅन्सरच्या पेशंटसाठी केसांचे टोप बनवते. खिडकीपाशी बसून बारीक जाळीत एकेक केस गाठ मारून अडकवते. हात नाजूक, जीभ मात्र कात्रीसारखी. केस द्यायला आलेली बाई कौतुक ऐकायला घुटमळली, की म्हणते, "परत वाढतील हो. या आता." मी तिची भाची, तिच्याच हाताखाली शिकते. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आमच्या गल्लीतल्या बेकरीवालीचे उपचार संपले होते, पण डोक्यावर केस नाहीत म्हणून ती गल्ल्यावर बसेना, कुणाला दार उघडेना. आत्याने कसंबसं तिच्या डोक्याचं माप आणलं आणि टोप करायला घेतला. अशात बेकरीवालीची मोठी जाऊ डोक्याला रुमाल गुंडाळून, पिशवी घेऊन आली. दोघी जावांमधून विस्तव जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक.

"घ्या. विचार बदलायच्या आत घरीच कापले."

आत्याने पिशवीत हात घातला आणि कपाळावर मारून घेतला. केस न बांधताच कापलेले, मुळं आणि टोकं सगळी एकमेकांत! "अहो, उलटसुलट केस एकत्र लावले तर धुतल्याबरोबर गुंता होतो. आधी रबर लावायचं, मग कात्री. गेले हे वाया."

एवढ्या तोंडाळ जाऊबाई, पण त्यांचे डोळे भरून आले. "केस माझे आहेत, हे तिला सांगणार नव्हतेच मी. पण तिने दार तरी उघडावं हो."

मला त्यांची फार दया आली. आत्याने मात्र एक केस चिमटीत धरून चोळला. तो हळूहळू एका बाजूला सरकला. "सरकतो ती मुळाची बाजू. असा एकेक बघून सगळे एका दिशेने लावून द्याल?"

जाऊबाई तिथेच बसल्या. मग रोज दुपारी यायच्या. एखादा केस चुकला की आत्या फटकारायची, आणि त्याही काही कमी नव्हत्या. बेकरीवालीच्या वाट्याचं भांडण आत्यानेच चालवायला घेतलंय, असं मला वाटायचं.

टोप झाला तेव्हा आत्याने त्यांना बळेबळे बरोबर नेलं. बेकरीवालीने दार जरासं उघडलं, आणि जावेचे डोक्यालगत कापलेले केस बघून तिथेच थबकली.

"हे काय करून घेतलंत?"

"उकडत होतं."

तिने आम्हाला आत घेतलं. आत्याने टोप नीट बसवला. बेकरीवालीने आरशात आधी स्वतःकडे, मग मागे उभ्या जावेकडे पाहिलं.

"ह्यात ताईंचे कुठले?"

"इतरजणींचे मागे आहेत. ह्यांचे पुढे, भांगापाशी. तिथे सगळ्यांची नजर जाते, म्हणून सगळ्यांत चांगले लावले," आत्या म्हणाली. आत्याच्या तोंडून कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

बेकरीवालीने कंगवा उचलला आणि वळून न बघता मागे धरला.

"मग भांग तुम्हीच पाडा, ताई. आणि सरळ पाडा हं, मला गल्ल्यावर बसायचंय."